आगीची परीक्षा आणि घरातली तिजोरी

पैसाअडका आणि दागदागिने हंड्यात घालून जमिनीत पुरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. ती पडली चोराच्या धाकाने. पण तिने आगीचाही बंदोबस्त आपोआप होत असे. माती उष्णतेला सहजासहजी आत शिरू देत नाही. २७ फेब्रुवारी १८२८ या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकडी मजले, खांब, तक्तपोशी, सारे जळाले. उरले ते दगडी जोते आणि तट. आगीशी सामना द्यायचा तर दगडमाती बरी, हा धडा त्या एकाच वाड्याने देऊन ठेवला होता.

पुढे हंड्याच्या जागी लोखंडी पेटी आली आणि माणूस निर्धास्त झाला. लोखंड काही जळत नाही, मग भीती कसली? इथेच फसगत झाली. घरच्या गृहिणीला विचारा. तवा जळत नाही हे खरे, पण तव्यावरची भाकरी करपते की नाही? लोखंडी पेटीतल्या कागदांचे नेमके तेच होते. पेटी जागच्या जागी उभी असते, कुलूपही शाबूत असते. आणि उघडून पाहावे तो आत काळी राख!

हा अनुभव व्यापाऱ्यांना फार मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेत. १८३५ च्या डिसेंबरात, १६ तारखेच्या रात्री, न्यूयॉर्कच्या व्यापारी पेठेत आग भडकली. थंडी अशी कडाक्याची, की नदी गोठलेली आणि पाण्याचे बंबही गोठलेले. शेकडो इमारती बेचिराख झाल्या आणि आगीचा विमा उतरवणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे दिवाळे वाजले. त्या काळच्या तिजोऱ्या म्हणजे बहुधा लोखंडी पत्रा मारलेल्या लाकडी पेट्या. त्यांतल्या फारच थोड्या टिकल्या. वह्या गेल्या म्हणजे येणे कोणाकडून आणि देणे कोणाला, याचा पुरावाच गेला. मालापेक्षा कागद मोलाचा असतो, हे त्या रात्री पुष्कळांना कळले.

मग कारागीर कामाला लागले. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत काय भरावे, हा प्रश्न होता. १८४० साली लिव्हरपूलच्या थॉमस मिल्नरने पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी, की पोकळीत क्षार भरून ठेवायचे आणि आग लागली की त्यांतून वाफ सुटू द्यायची. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅनियल फिट्झजेराल्डने प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेल्या तिजोरीचे पेटंट घेतले. अशा तिजोऱ्यांना तिकडे 'सॅलमँडर' म्हणू लागले. सॅलमँडर म्हणजे आगीतही न मरणारा प्राणी, अशी युरोपातली जुनी समजूत.

आता तुम्ही म्हणाल, प्लास्टरमध्ये असे आहे तरी काय? त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच सापडते. तापलेल्या तव्यावर तुरटीचा खडा टाकून पाहा. तो पाझरतो, फसफसतो, आणि शेवटी फुलून पांढरी हलकी लाही उरते. तो फसफसाट कशाचा? तुरटीच्या पोटात दडलेल्या पाण्याचा. कोरड्या दिसणाऱ्या तुरटीत वजनाने जवळजवळ पंचेचाळीस टक्के पाणी असते, आणि तिजोरीच्या भिंतीत तुरटी भरणारे कारखानदारही त्या काळी होते. घट्ट बसलेले प्लास्टर म्हणजे पुन्हा जिप्समच. त्यात सुमारे एकवीस टक्के पाणी. शंभर किलो जिप्सममध्ये एकवीस किलो पाणी कोंडलेले असते म्हणा ना! बाहेर आग लागली की हे पाणी वाफ होऊन सुटते. पाण्याची वाफ व्हायला पुष्कळ उष्णता खर्ची पडते, आणि ती उष्णता तेवढा वेळ कागदापर्यंत पोचत नाही. म्हणजे तिजोरीचे आगीपासून रक्षण लोखंड करत नाही. करते ते भिंतीत कोंडलेले पाणी. आणि पाण्याचा साठा संपला, की तिची ताकदही संपत आली. म्हणून कुठलीही तिजोरी 'अग्निरोधक' म्हणजे कायमची अग्निरोधक नव्हे. किती वेळ, हा प्रश्न प्रत्येकीला लागू आहे.

दुसरा धडा सॅन फ्रान्सिस्कोने दिला. १८ एप्रिल १९०६ रोजी तेथे भूकंप झाला आणि मागोमाग शहर तीन दिवसांहून अधिक जळत राहिले. आग विझली तरी बँकांच्या तिजोऱ्यांच्या खोल्या धगधगत होत्या. ज्यांना धीर निघाला नाही त्यांनी दारे उघडली, आणि आत नुसते तापून राहिलेले कागद बाहेरची हवा लागताच भपकन पेटले. शहाण्या बँकांनी कुलपाला हात न लावता दिवसच्या दिवस वाट पाहिली. आगीतून वाचलेले धन असे घाईने गेले, याहून मोठी चुटपुट कोणती?

आता आपल्या मुंबईकडे वळू. वकिली सोडून आलेले अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि १९०२ पासून तिजोऱ्या बनवायला घेतल्या. तोवर चांगली तिजोरी म्हणजे विलायती, असा समज रूढ होता. तो मोडण्याचे काम पुष्कळसे त्यांनी केले.

मुंबईची सर्वांत भयंकर परीक्षा झाली १४ एप्रिल १९४४ रोजी. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापसाने पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळतात. गोदीलगतची गोदामे आणि पेढ्या दिवसचे दिवस जळत होत्या. सोन्याच्या विटा दूरदूर उडून पडल्या, पण सोने ते सोनेच राहिले. हुंड्या, करार आणि खातेवह्या यांना तशी सोय नव्हती. त्या आगीतून आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज सुखरूप निघाला, असे गोदरेज कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते.

अभिमान योग्यच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने इथे जरा थांबले पाहिजे. एकोणिसाव्या शतकापासून तिजोरीवाले वाचलेल्या ग्राहकांची पत्रे छापत आले. ज्याचे कागद जळाले त्याचे पत्र कोण छापणार? शिवाय एखादी तिजोरी वाचली, ती भिंतीच्या जाडीने, की ढिगाऱ्याखाली गाडली गेली म्हणून? तिच्या अंगाला किती उष्णता लागली, किती वेळ लागली? आग साक्ष देते खरी, पण मोजमाप लिहून ठेवत नाही.

ते मोजमाप प्रयोगशाळांनी हाती घेतले. अमेरिकेत १८९४ मध्ये स्थापन झालेल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेची कसोटी जगात प्रसिद्ध आहे. तिजोरी भट्टीत ठेवतात. तासाभरात भट्टी सुमारे ९२७ अंश सेल्सिअसवर नेतात. एवढे होऊनही आतले तापमान १७७ अंशांपुढे जाता कामा नये, कारण त्यापुढे कागद करपू लागतो. गंमत अशी, की भट्टी बंद केल्यावरही मोजणी चालूच राहते. भिंतीत साठलेली धग आत झिरपत असते ना! सॅन फ्रान्सिस्कोचा धडाच तो. याशिवाय तापलेली तिजोरी तीस फुटांवरून खाली टाकण्याचीही एक परीक्षा आहे. कारण घर जळते तेव्हा मजलाही कोसळतो.

मग घरासाठी तिजोरी घेताना काय पाहावे? दुकानात आपण दारावर बोटाने टकटक करतो, वजनाचा अंदाज घेतो, पत्र्याची जाडी पाहतो. हा सारा चोराचा हिशेब झाला. जाड पोलाद चोराला अडवते, पण उष्णता बेधडक आत नेते. उलट पातळ पत्रा आणि जाड भरण ही आगीला अडवते, पण पहारीपुढे तिचे फार चालत नाही. दोन्ही गुण हवे असतील तर दोन्हींची परीक्षा वेगवेगळी झालेली असली पाहिजे. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावे: किती तास, भट्टीचे तापमान किती, आतले किती, आणि ही परीक्षा घेतली कोणी? नुसता 'फायरप्रूफ' हा शब्द रंगवलेला असेल तर त्यावर विसंबू नये. दाराच्या कडेची फटही पाहावी. धग बहुधा तिथूनच वाट काढते.

आत काय ठेवणार, हेही ठरवावे. कागद १७७ अंश सोसतो. पण हल्ली घरोघरी ज्यांत फोटो आणि हिशेब असतात त्या संगणकाच्या तबकड्या एवढे सोसत नाहीत. त्यांच्यासाठी सुमारे ५२ अंशांची वेगळी, कडक कसोटी आहे. भिंतीतून सुटणारी वाफ तिजोरीत थोडीफार ओल आणते, हेही लक्षात असू द्यावे. आणि एकदा आगीतून निघालेली तिजोरी रंग लावून पुन्हा वापरू नये. तिच्या भिंतीतले पाणी उडून गेले. उरली ती तुरटीची लाही.

घराला आग लागू नयेच. पण दुर्दैवाने लागली, आणि विझल्यावर काळवंडलेली तिजोरी ढिगाऱ्यात उभी दिसली, तर किल्ली लगेच हातात घेऊ नका. मुलांच्या जन्माचे दाखले, घराचे खरेदीखत, आईवडिलांची पत्रे आत असतील. जीव कासावीस होईल. तरी थांबा. पत्र्याला हात लावून तो पुरता गार लागला, तरी आणखी एक दिवस जाऊ द्या. मगच किल्ली फिरवा.