बॉइनकाठी फणीची नक्षी

इसवी सनापूर्वी २४००च्या आसपासचा डिसेंबर. आयर्लंडमध्ये, बॉइन नदीवरच्या न्यूग्रेंजच्या टेकाडावर तुम्ही उभे आहात. उजेड जेमतेम साडेसात तासांचा. मागे दगडामातीचं प्रचंड थडगं, तेही आठशे वर्षांचं जुनं. त्याच्याच कडेला वस्ती आहे, चुली धुमसताहेत, डुकराचं मांस शिजतंय.

चुलीपाशी बसा. समोरच्या बाईच्या मांडीवर ओलं भांडं आहे. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून, बोटांनी दाबत ते उभं केलंय. बूड सपाट, पोट फुगीर, गळा आत वळलेला, कड पुन्हा बाहेर. माती जरा आवळल्याशिवाय नक्षीला हात लावता येत नाही. या दमट थंडीत ती लवकर आवळत नाही आणि चुलीला फार जवळ नेलं तर तडकते. म्हणून भांडं हातभर दूर ठेवून ती मधूनमधून फिरवते आहे.

शेजारी जुन्या वळणाचं भांडं पडलंय, टोकदार काडीनं ओढलेल्या खाचांचं. आता मात्र तिच्या हातात दातेरी फणी आहे, बहुधा हाडाची. फणी ओढायची नाही. टेकवायची, दाबायची, उचलायची. बारीक ठिपक्यांची ओळ उमटते. पुढचा ठसा आधीच्या टोकाला नेमका भिडवत फेरा पुरा करायचा, त्याखाली दुसरा, तिसरा, मग एक पट्टा कोरा. हा कोरा पट्टा सोडायला खरी नजर लागते. बाकीची नक्षी त्याच्यामुळेच उठून दिसते. दुसऱ्या एका भांड्यावर पिळाची दोरी गुंडाळून दाबली आहे. हजारेक वर्षांनी आपल्याकडे घोड नदीकाठी, इनामगावात, तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगानं रेघा काढतील. इथे रंग नाहीच, सगळी करामत ठशात पडणाऱ्या सावलीची.

ठशांच्या नक्षीची ही तऱ्हा समुद्रापलीकडून आली. ऱ्हाईनकाठी, इबेरियात, ब्रिटनमध्ये अशीच भांडी आहेत. आयर्लंडमधल्याच केरी परगण्यातल्या रॉस आयलंडच्या तांब्याच्या खाणीवरही हीच सापडतात. पण ब्रिटनमध्ये ती एकेकट्या मृताशेजारी पुरतात. आयर्लंडमध्ये मुख्यतः वस्त्यांमध्ये आणि सामाईक थडग्यांत मिळतात. कसब घेतलं, रिवाज जसाच्या तसा घेतला नाही. मला या लोकांचं मोठेपण इथे दिसतं.

आता परत या. पुरातत्त्वज्ञ मायकल ओकेली यांनी १९६२ ते १९७५ इथे उत्खनन केलं. २१ डिसेंबर १९६७च्या सकाळी थडग्याच्या गाभाऱ्यात शिरलेला सूर्यकिरण त्यांनी पाहिला आणि न्यूग्रेंजचं नाव जगभर झालं. त्याच उत्खननात थडग्याबाहेर या नक्षीच्या खापऱ्या मोठ्या संख्येनं निघाल्या. त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही. तुम्ही वळा. डब्लिनला गेलात तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोन्याच्या दालनात रमण्याआधी मातीच्या भांड्यांपुढे थांबा आणि फणीचे दोन ठसे कुठे जुळलेत ते शोधा.