हरवलेला छेद

मृत्यूदर हा अखेर एक अपूर्णांक आहे : वर मेलेल्यांचा अंश, खाली जगणाऱ्यांचा छेद. प्लेगच्या काळातील मुंबईचे आकडे वाचताना ही शाळकरी गोष्ट आम्हांला वारंवार आठवते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दाट वस्त्या पाडून शहर हवेशीर करण्यासाठी १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्ती रोगट ठरवण्याचा एक आधार होता तिथला मृत्यूदर.

यातला अंशच मुळी संशयास्पद होता. घरझडती आणि विलगीकरणाच्या धास्तीने रोगी लपवले जात. मृत्यूचे कारण म्हणून भलताच ताप नोंदवला जाई. छेदाची अवस्था त्याहून बिकट. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ७,७६,००६. शहर आटले म्हणावे, तर १९०६ च्या खास मोजणीत ती ९,७७,८२२ भरली! १९०१ ची मोजणी मार्चमध्ये, ऐन प्लेगच्या हंगामात झाली होती; कित्येक चाकरमानी तेव्हा गावी निघून गेलेले. त्या आटलेल्या छेदावर काढलेला दर फुगणारच.

ट्रस्टने आरंभीच्या वर्षांत जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली, तिथली दाटी वाढली. म्हणजे धोरणाचा परिणाम मोजू जावे, तर मोजायची माणसेच धोरणाने हलवलेली. (प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी मांडले तेही १८९८ मध्येच, ट्रस्टची भिस्त मात्र हवा आणि उजेडावर.)

पुढे १९२१ च्या सुमारास एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतला बालमृत्यूदर हजारी आठशेहून अधिक छापला गेला. हा आकडा आजही चाळींवरच्या लेखनात निमूटपणे उद्धृत होतो. पण गिरणगावातली बाई बाळंतपणाला गावी जाई. जन्म तिथे होई, आणि महिन्या-दोन महिन्यांचे मूल मुंबईत आणल्यावर दगावले, तर मृत्यू इथे नोंदला जाई. ते मूल अंशात आले, छेदात कधीच नव्हते.

म्हणून तो आकडा खोटा ठरवून मोकळे व्हावे, असे आम्हांला वाटत नाही. मुले मरतच होती, आणि फार मरत होती. मात्र किती, हे सांगायला निम्मी नोंद कोकणातल्या एखाद्या घरी राहिली होती.