दप्तर कोणी सांभाळायचं?

घरातलं कोणी 'इन्फर्मेशन सिस्टिम्स' शिकतंय असं सांगितलं, की भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" आपणही वाद नको म्हणून "हो" म्हणतो. पण कॉम्प्युटर हा या विषयाचा फक्त एक भाग आहे. माहिती कोणती नोंदवायची, ती कोणी लिहायची, कोणाला दाखवायची आणि तिच्यावरून निर्णय कोणी घ्यायचा, हे सगळं मिळून जी व्यवस्था होते ती इन्फर्मेशन सिस्टिम. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९६८ च्या सुमारास या विषयाचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्यात गॉर्डन डेव्हिस यांचा मोठा वाटा होता. विद्यापीठातला विषय म्हणून त्याचं वय असं जेमतेम साठीच्या आत आहे. व्यवस्था मात्र फार जुनी, आणि ती बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. मस्कतहून सूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत इब्रा लागतं, तिथे ती बघायला मिळते.

इब्रा म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असलेला बुधवारचा बायकांचा बाजार, आणि पूर्व आफ्रिकेशी व्यापार करून श्रीमंत झालेल्यांचे जुने वाडे. पण गाव टिकलं ते फलजमुळे. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं किंवा वादीतलं पाणी केवळ उताराच्या जोरावर खजुराच्या बागांपर्यंत आणणारा पाट. ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहते आहेत. त्यातले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

आपल्याला पाट बांधण्याचं कौतुक वाटतं, पण पाण्याची वाटणी हे त्याहून अवघड काम. पाण्याचा हिस्सा वेळेवर मोजतात. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ ठरायची. कारभार बघायला 'वकील', पाळ्यांवर नजर ठेवायला 'अरीफ', पाण्याच्या हिश्श्यांचा लिलाव करायला 'दलाल'. आणि हिशेब ठेवणारा कोण? 'अमीन-अद-दफ्तर'! शब्द ओळखीचा वाटला ना? पुण्याचं पेशवे दफ्तर यातलंच, आणि शाळेत जाताना आपण पाठीला लावायचो ते दप्तरही यातलंच.

आपल्याकडेही हे होतं. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत होती. कोणत्या फडात यंदा काय पिकवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाटकऱ्याने त्याप्रमाणे पाणी सोडायचं. इब्राचा अरीफ आणि पांझरेचा पाटकरी यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण काम नक्की कळलं असतं. दोघांची ताकद एकच. नोंद गावातल्या माणसाच्या हातात होती आणि गावाचा त्या माणसावर विश्वास होता.

आता आधुनिक काळाकडे येऊ. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या ओमानमध्ये तीन शाळा आणि नऊशेच्या आसपास विद्यार्थी होते, आणि तेही सगळे मुलगे. देशाची लोकसंख्या किती हेसुद्धा मोजलेलं नव्हतं. सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ मध्ये सुरू झालं. पहिली जनगणना १९९३ मध्ये झाली. या सगळ्या काळात बँका, इस्पितळं, तेल कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या नोंदी ठेवायला परदेशी माणसं आली, त्यात आपली मंडळीही भरपूर. म्हणजे देशाचं दप्तर बऱ्याच प्रमाणात पाहुण्यांच्या हातात होतं.

हळूहळू चित्र बदललं. उच्च शिक्षणाच्या प्रवेशांसाठी २००५ मध्ये एक केंद्र स्थापन झालं आणि बारावीनंतरचे अर्ज ऑनलाइन भरायची सोय झाली. इब्रात टेक्नॉलॉजी कॉलेज उभं राहिलं. २०२० मध्ये देशातली अशी सरकारी कॉलेजं एकत्र करून तंत्रज्ञान व उपयोजित विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि इब्रा त्याची एक शाखा बनलं. शिवाय अश-शर्किया हे खाजगी विद्यापीठही इब्रातच आहे. मुलांना आधी पायाभूत वर्गात इंग्रजी, गणित आणि कॉम्प्युटरची तयारी करावी लागते, मग मुख्य विषय. त्याच २०२० च्या डिसेंबरमध्ये ओमानची जनगणना घरोघरी न फिरता, सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडून झाली. पहिल्या जनगणनेपासून अवघ्या २७ वर्षांत!

इथे आपला प्रश्न येतो. जानेवारी २०१८ मध्ये मनुष्यबळ मंत्रालयाने दहा क्षेत्रांतल्या ८७ पदांवर परदेशी माणसांना नवे व्हिसा देणं सहा महिन्यांसाठी थांबवलं, आणि पुढे ती मुदत वाढत गेली. त्या दहांत इन्फर्मेशन सिस्टिम्स हे क्षेत्र होतंच. तेव्हा किती घरांत रात्री उशिरापर्यंत चर्चा झाल्या असतील! पोटाचा प्रश्न आहे, काळजी वाटणारच. पण "इथल्या मुलांना काय जमणार?" हे वाक्यही त्या सुमाराला ऐकू यायचं, आणि ते मला पटत नाही.

कारण आपलाच इतिहास बघा. १९७३ च्या फेरा कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातली आपली मालकी ४० टक्क्यांवर आणायची होती. आयबीएमला ते मान्य नव्हतं, आणि १९७८ मध्ये त्यांनी भारत सोडला. त्यांची मशीन्स सांभाळायची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीने घेतली. त्याच सीएमसीने पुढे रेल्वे आरक्षणाची संगणक प्रणाली केली. ती १९८०च्या दशकाच्या मध्याला दिल्लीत सुरू झाली आणि तिकिटाच्या रांगेचं रूपच पालटलं. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. "पैसे भरून इंजिनिअर? यांना काय येणार?" अशी टीका तेव्हाही झाली. त्याच कॉलेजांतून बाहेर पडलेले कितीतरी जण आज आखातात नोकरी करतात आणि हा अंक वाचतात.

धंद्यातलं एक साधं उदाहरण देतो. ओमानी माणसाच्या नावात स्वतःचं नाव, मग 'बिन' लावून वडिलांचं, आजोबांचं आणि शेवटी कबिल्याचं नाव असतं. बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने. त्यातून अरबी नाव इंग्रजीत तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात. मग एकाच माणसाच्या तीन नोंदी होतात, किंवा तिघांची एक. आपल्या नावातल्या मधल्या वडिलांच्या नावाचे परदेशी फॉर्मवर काय हाल होतात ते आपल्याला माहीत आहेच. हा घोळ मुळात टाळायचा तर रकाने ठरवताना तिथला माणूस टेबलाशी हवा. इब्राच्या वर्गात बसलेल्या मुलीला नावांची ही रचना शिकवावी लागत नाही. तिला डेटाबेस शिकवावा लागतो, आणि तो शिकवता येतो.

तिला शिकवणाऱ्यांमध्ये आपले भारतीय प्राध्यापकही आहेत. आपलं इथलं काम त्यामुळे लगेच संपत नाही, पण त्याचं रूप बदलतं. नोंदी ठेवणारा परदेशी माणूस हळूहळू शिकवणारा, सल्ला देणारा होतो आणि एक दिवस निरोप घेतो. फलजच्या गावात वही गावच्या अमीनकडे असायची. बाहेरून आलेल्या जाणकाराने पाट दुरुस्त करावा, कसब शिकवावं, पण वही स्वतःबरोबर नेऊ नये. आपल्या मुलांना इन्फर्मेशन सिस्टिम्स शिकायला पाठवताना 'पॅकेज किती' याच्याबरोबर 'हे दप्तर कोणाचं' हाही प्रश्न विचारायला शिकवलं, तर ती कुठल्याही देशात गेली तरी मानाने राहतील.