पाटी, वही आणि टॅबलेट



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्या गुरुजींच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. त्यांचा एक दंडक तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. वहीत चूक झाली तर ती रबराने खोडायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचे. कंपासपेटीत रबर सापडले तर ते जप्त होई. या जाचाचा अर्थ त्या वयात आम्हांला कळला नाही. यंदा चालकांनी मला ‘कागदविरहित विद्यार्थिजीवन’ हा विषय दिला आणि वरच्या वर्गांना टॅबलेट द्यावेत असा विचार चालू असल्याचे सांगितले, तेव्हा मला प्रथम ते रबर आठवले.

मी यंत्रांचा जाणकार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढेच सांगता येईल की ‘कागदविरहित’ हा शब्द नवा असला तरी ती अवस्था फार जुनी आहे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मूल बसे ते धूळपाटीपुढे. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटांची पूड पसरायची, टोकदार काडीने अक्षर काढायचे, हात फिरवून मोडायचे आणि पुन्हा काढायचे. बोरू आणि कागद त्याच्या हाती यायचा तो हात बसल्यावर, मोडीचा कित्ता गिरवताना. जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद प्रसिद्ध होता. पण तो दप्तराचा आणि पोथीचा कागद. मुलाने चुका करण्यासाठी तो नव्हता.

या पाटीने आपल्या गणितालाही नाव दिले आहे. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे नावच ‘पाटीगणित’. आकडेमोडीला ‘धूलिकर्म’ असाही शब्द होता. ‘आकडेमोड’ हा आपला नेहमीचा शब्दही पाहा. पाटीवर गुणाकार करताना आकडे खरोखरच मोडत जात असत. एक अंक पुसायचा, त्याच्या जागी दुसरा मांडायचा, गुणक एक घर सरकवायचा. शेवटी पाटीवर उत्तर राही. मूळ संख्या आणि मधल्या पायऱ्या धुळीस मिळालेल्या असत. चूक झाली असली तर ती कोठे झाली, हे शोधण्याचा मार्ग नसे. सगळे गणित पुन्हा करायचे.

हीच पद्धत भारतीय अंकांबरोबर अरबांकडे गेली. दमास्कस येथे इ. स. ९५२-५३ च्या सुमारास अल्-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर एक ग्रंथ लिहिला. त्याने पाटी टाकून देऊन कागद आणि शाई घेण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी गणिताच्या रीतीच बदलल्या. पुसण्याची गरज पडू नये, प्रत्येक पायरी जागच्या जागी उभी राहावी, अशी मांडणी त्याने केली. त्याने दिलेले एक कारण मोठे मौजेचे आहे: रस्त्यावर भविष्य सांगून पोट भरणारे लोकही हातात धुळीची पाटी घेऊन बसतात, त्यांच्यात आपली गणना होऊ नये! ते सोडले तरी मुख्य गोष्ट राहतेच. लिहिण्याचा पृष्ठभाग बदलला, आणि त्याबरोबर विचाराची मांडणी बदलली. रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन याने हे आधीच हेरले होते. चटकन पुसता येते म्हणून तो लेखनासाठी मेणाच्या पाट्यांची शिफारस करतो; पण त्या फार रुंद नसाव्यात असेही बजावतो. त्याच्या पाहण्यातला एक तरुण ओळी मोजून लिहीत असे, त्यामुळे त्याची भाषणे लांबत. वारंवार सांगूनही न गेलेली ही खोड पाट्या बदलताच गेली.

धुळीची पाटी आपल्या देशातून विलायतेलाही गेली. मद्रासला एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने जवळच्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. लंडनच्या गरीब मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या जोसेफ लँकेस्टरने वाळूच्या जोडीला दगडी पाटी वापरली. कागदाचा खर्च वाचतो, हे त्याचे मुख्य सांगणे. पुढे तीच दगडी पाटी लाकडी चौकट लावून आपल्याकडे आली. ‘कागद वाचवा’ ही आजची घोषणा तेव्हा पर्यावरणाची नव्हती, गरिबीची होती.

आपल्या बडोद्यात तर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा राज्यभर लागू केला. स्वतः महाराज कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि खरे शिक्षण त्यांनी त्यानंतरच घेतले. अक्षर उशिरा भेटलेल्या माणसाची ही कळकळ होती. सक्तीचे शिक्षण म्हणजे एकाच वेळी हजारो नवे हात. त्या हातांना रोज कागद पुरवणे कोणत्याही खजिन्याला जड गेले असते. पाटी एकदा घेतली की वर्षानुवर्षे चाले, धाकट्या भावंडाकडे जाई. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त होत गेला तशी वही खालच्या वर्गांपर्यंत उतरली. माझ्या पिढीने दोन्ही पाहिल्या. दसऱ्याला एकाचे आकडे जोडून जिच्यावर सरस्वती काढली ती पाटी, आणि गुरुजींनी लाल शाईने रंगवलेली वही. पाटीवरचे अक्षर घरी पोचेपर्यंत दप्तरात पुसले जाई. वही मात्र आई-वडिलांना दाखवता येई, परीक्षेच्या आदल्या रात्री उघडता येई. आपण गेल्या वर्षी काय चुकलो होतो हे मुलाला प्रथम वहीने दाखवले.

आता टॅबलेट. मुलांसाठी वहीएवढा संगणक असावा ही कल्पना अमेरिकेत अ‍ॅलन के याने १९७२ सालीच मांडली होती. गवतावर बसून तो हाताळणाऱ्या दोन मुलांचे चित्रही त्याने काढले होते. प्रत्यक्षात असे यंत्र घरोघरी पोचू लागले ते २०१० साली आयपॅड आल्यानंतर. आपल्या सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला. पडदा सात इंचांचा, सरकारला पडणारी किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये, पहिली मागणी एक लाख संचांची. पडदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, यंत्र मंद आहे, बॅटरी लवकर संपते अशा तक्रारी आल्या. पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती निघाली, पण देशभरच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात वहीची जागा काही त्याने घेतली नाही. त्या प्रयत्नाला हसणारे बरेच होते. मला हसू आले नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एकाच घरातील तीन भावंडे वडिलांच्या एका फोनवर आळीपाळीने वर्ग करताना मी पाहिली आहेत.

टॅबलेटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दप्तराचे ओझे कमी होते, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, मंददृष्टीच्या मुलाला पाठ ऐकवता येतो. परंतु या यंत्रात पाटी आणि वही दोन्ही लपलेल्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती वर येते हे यंत्र देणारा ठरवतो. आपल्या शाळेच्या एका विद्यार्थिनीने पुढे दुसरीकडे शिकताना दोन वर्षांच्या सगळ्या टिपणी टॅबलेटवर केल्या. त्या साठल्या होत्या दूरच्या यंत्रावर, तिच्या महाविद्यालयाच्या खात्यात. ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, खाते बंद झाले, टिपणी गेल्या. कोणी लबाडी केली नव्हती. नियमच तसा होता. तिने मला विचारले, “सर, वही कोणी परत मागते का हो?”

इराकमध्ये निप्पूर येथे १९५१-५२ साली एका घराचे उत्खनन झाले. तेथे सुमेरी लेखनिकांची शाळा भरत असे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांचे १,४०० च्या आसपास तुकडे सापडले, बहुतेक मुलांचे अभ्यास. कोणी जपून ठेवले म्हणून ते वाचले नाहीत. काम झालेल्या पाट्या भिंतीत आणि जमिनीत भर म्हणून वापरल्या होत्या.

टॅबलेट घ्यावेत की नाही, हे चालकांनी ठरवावे. घ्यायचे ठरले तर माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. वर्षअखेरीस प्रत्येक मुलाचे सगळे लेखन शाळेने त्याच्या स्वतःच्या हाती द्यावे, शाळा सुटली तरी त्याला ते उघडता येईल अशा रूपात. आणि जे खोडले गेले तेही त्यात दिसावे, एक आडवी रेघ मारून.