सामूहिक परवाना-सक्रियण
सामूहिक परवाना-सक्रियण : संस्थेने अनेक संगणकांसाठी एकत्रित घेतलेली कार्यालयीन आज्ञावली प्रत्येक संगणकावर अधिकृत ठरविण्याची पद्धती. मायक्रोसॉफ्टने ऑफिस एक्सपीच्या (२००१) किरकोळ प्रतींना सक्रियण सक्तीचे केले. संस्थांना मात्र सामायिक किल्ली देऊन त्यातून वगळले. विंडोज एक्सपीची अशी एक किल्ली त्याच वर्षी फुटली व नकली प्रती जगभर पसरल्या. व्हिस्टापासून ही सवलत संपली. ऑफिसला नवी पद्धती २०१० मध्ये लागू झाली. तीत संस्थेच्या जाळ्यातील यजमान संगणक इतरांस १८० दिवसांची मान्यता देतो. निदान पाच संगणकांनी मागणी केल्याखेरीज ऑफिसची मान्यता कोणासच मिळत नाही. यजमान एकदा सक्रिय झाला, की बाह्य इंटरनेट लागत नाही. वऱ्हाडात अमरावती वा अकोला शहरी याचे महत्त्व फारसे जाणवणार नाही. मेळघाटातील धारणीसारख्या ठिकाणी ते मोठे आहे.

आभासी डेस्कटॉपांत खरी अडचण उद्‌भवते. ते सर्व एकाच मूळ प्रतिमेच्या प्रती असतात. ती गोठविण्यापूर्वी ऑफिसची ओळख पुसली नाही, तर तीस विद्यार्थी बसले तरी यजमान एकच संगणक मोजतो, आणि पाचांची अट कधीच पुरी होत नाही. ऑफिस २०१० मध्ये ही पुसणी पाचदाच करता येई. २०१४ मध्ये आलेल्या सामायिक-संगणक सक्रियणात परवाना यंत्राऐवजी वापरणाऱ्यास जोडला गेला. मोजणीचा प्रश्न त्याने सुटला. परंतु मान्यता ठरावीक मुदतीनंतर इंटरनेटवरून नव्याने घ्यावी लागते.