डी. सी. मोटरचे दिशानियंत्रण, डॅकद्वारे

एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या मोटरचा आस कोणत्या बाजूस फिरेल, हे चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि आर्मेचरमधील प्रवाहाची दिशा यांवरून, म्हणजे फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमानुसार, ठरते. त्यामुळे दोहोंपैकी एकच दिशा पालटली तर मोटर उलटी फिरते आणि दोन्ही पालटल्या तर पूर्वीसारखीच फिरत राहते. मुंबई–वडोदरा लोहमार्गावर वर्षानुवर्षे धावलेली डब्ल्यूएपी-४ इंजिने हे या तत्त्वाचे भव्य उदाहरण होय. त्यांत तारेतील २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून सहा सिरीज मोटरींना दिला जातो. सिरीज मोटरीत क्षेत्रकुंडलातून व आर्मेचरमधून एकच प्रवाह वाहत असल्याने पुरवठ्याची टोके उलटून काहीच साधत नाही, म्हणून रिव्हर्सर हे उपकरण केवळ क्षेत्रकुंडलाच्या जोडण्या उलटवते, आणि तेही गाडी उभी असताना.

प्रयोगशाळेतील लहान मोटरीत कायम चुंबक असतो, म्हणून तेथे आर्मेचरची टोके उलटणे पुरते. हे काम एच-ब्रिज करतो. त्यातील चार स्विचांपैकी कर्णावरील एक जोडी चालू केली की मोटर सुलटी आणि दुसरी जोडी चालू केली की उलटी फिरते. एकाच बाजूचे दोन्ही स्विच एकदम चालू झाले तर मात्र पुरवठा शॉर्ट होतो.

डॅक, म्हणजे संगणक आणि प्रयोग यांच्यामध्ये बसून मोजमाप व आज्ञा यांची ने-आण करणारे साधन, मोटर स्वतः चालवू शकत नाही. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या यूएसबी-६००८ ची डिजिटल वाहिनी नीच स्थितीत जेमतेम ८.५ मिलिअँपिअर ओढू शकते. म्हणून तिने एल२९८ सारख्या, प्रत्येक ब्रिजमागे २ अँपिअर पेलणाऱ्या चिपला केवळ संकेत द्यायचा असतो. दोन वाहिन्यांपैकी पहिली उच्च व दुसरी नीच ठेवल्यास एक दिशा, अदलाबदल केल्यास दुसरी दिशा मिळते, आणि दोन्ही सारख्या असल्यास मोटरला ब्रेक लागतो. डॅक व मोटरचा पुरवठा यांची ग्राउंड तार समाईक हवी. एल२९८ मध्ये अंगचे डायोड नसल्याने ते बाहेरून जोडावे लागतात.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सुरुवातीच्या स्थितीकडे. यूएसबी-६००८ च्या वाहिन्या ४.७ किलोओहमच्या रोधांनी ५ व्होल्टकडे ओढलेल्या असल्याने, संगणकाने आज्ञा देण्यापूर्वीच त्या उच्च असतात. एल२९८ वर याचा परिणाम ब्रेकपुरता राहतो, परंतु सुटे ट्रान्झिस्टर जोडून केलेल्या ब्रिजमध्ये यानेच शॉर्ट होऊ शकतो.

दिशा बदलताना मधे विराम आवश्यक असतो. पूर्ण वेगातील मोटरीचा प्रतिविद्युतदाब जवळजवळ पुरवठ्याइतका असतो आणि टोके उलटताच तो पुरवठ्यात मिळतो, त्यामुळे क्षणभर प्रवाह मोटर अडकून पडल्यावर वाहणाऱ्या प्रवाहाच्या सुमारे दुप्पट होतो. या डॅकच्या डिजिटल वाहिन्या प्रोग्रामच्या गतीनेच बदलतात. दिशेसाठी ती गती पुरेशी आहे, वेगनियंत्रणाच्या पीडब्ल्यूएम स्पंदांसाठी मात्र स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर वापरणेच योग्य.