एक कोटींचा शिधा : १९७१

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात दडपशाहीची मोहीम सुरू केल्यानंतर पूर्व बंगालमधून भारताच्या सीमेकडे लोटलेला माणसांचा लोंढा डिसेंबरपर्यंत एक कोटीच्या घरात पोहोचला. त्यांतील बहुसंख्य पश्चिम बंगालमध्ये आले. तथापि लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक भार त्रिपुरावर पडला, कारण सुमारे १५.५ लाख वस्तीच्या त्या डोंगराळ प्रदेशात जवळजवळ १४ लाख निर्वासितांनी आश्रय घेतला होता.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी एप्रिलच्या अखेरीस निर्वासितविषयक उच्चायुक्त सद्रुद्दीन आगा खान यांच्याकडे मदतीच्या समन्वयाचे काम सोपवले. परंतु परदेशी मदत पोहोचेपर्यंत कोणाची चूल थांबू शकत नव्हती, आणि त्या पहिल्या आठवड्यांत उपयोगी पडली ती भारताने स्वतःच्या टंचाईच्या काळात उभारलेली धान्यव्यवस्था. सरकारसाठी धान्य खरेदी करून ते साठवणारे व राज्यांना पुरवणारे भारतीय अन्न महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले, आणि त्यानंतर लगेचच आलेल्या दोन अवर्षणांत देशाला ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकी कायद्यान्वये सवलतीने मिळणाऱ्या गव्हाच्या जहाजांची वाट पाहावी लागली होती. ज्या देशाला पाच वर्षांपूर्वी स्वतःचे पोट भरण्याची भ्रांत होती, त्याने एक कोटी परक्यांना शिधा द्यावा, ही घटना हरितक्रांतीच्या इतिहासात आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान मिळण्याच्या योग्यतेची आहे.

छावणीत नोंद झालेल्या कुटुंबाला शिधापत्रिकेवर कोरडा शिधा, म्हणजे तांदूळ, डाळ, तेल यांसारखे न शिजवलेले जिन्नस, माणशी ठरलेल्या प्रमाणात मिळत असे. मात्र शिधा हाती पडला म्हणजे जेवण झाले असे नव्हे. भर पावसाळ्यात कोरडे सरपण मिळवणे, भांडे मिळवणे आणि कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेक येथे काही कुटुंबे ज्या सिमेंटच्या मोठ्या नळांत राहत होती, त्यांच्या तोंडाशी चूल पेटती ठेवणे, हे सारे छावणीतील बायकांनाच निभवावे लागले, आणि मदतीच्या हिशेबांत या श्रमांची नोंद कोठेही होत नाही. मोठ्यांच्या शिध्यावर लहान मुले तगत नव्हती. प्रथिनांच्या अभावी अंगावर सूज येणे व उपासमारीने हाडांचा सापळा उरणे अशी कुपोषणाची दोन्ही रूपे दिसू लागल्यावर त्यांच्यासाठी दूधभुकटी व पूरक आहाराचे स्वतंत्र वाटप सुरू करावे लागले.

याहून बिकट प्रश्न असा की, पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, ग्रासलेल्या शरीरात अन्न टिकतच नव्हते. सीमेवरील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातलगांकरवी तोंडाने पाजवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. महाराष्ट्रात पुढे ‘जलसंजीवनी’ या नावाने घरोघर पोहोचलेल्या उपचाराची मोठ्या प्रमाणावरील पहिली कसोटी लागली ती या छावण्यांत.

या साऱ्या खर्चाचा एक वाटा सामान्य भारतीयाने उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले, आणि आरंभी त्यासाठी कुटुंबनियोजनाच्या प्रचलित तिकिटांवर ‘निर्वासित साहाय्य’ अशा अर्थाचे शब्द नाशिकच्या मुद्रणालयात छापून घेण्यात आले.

१६ डिसेंबरच्या पाकिस्तानी लष्कराच्या शरणागतीनंतर निर्वासितांचा परतीचा प्रवास सुरू झाला, आणि फेब्रुवारी १९७२ अखेर ९० लाखांहून अधिक लोक मायदेशी पोहोचले. निघताना प्रत्येक कुटुंबाला वाटेतील जेवण आणि त्यापुढील दोन आठवडे पुरेल एवढा शिधा बरोबर देण्यात आला होता.